पाठमोरा

कागदावर आमचा हुद्दा मानसेवी.
मान मिळतो तो असा :
मैदानाच्या जाळीला पाठ लावून उभं राहायचं,
तोंड गॅलरीकडं
आणि मान वळवायची नाही.

सकाळी उद्यमनगरात लेथवर होतो.
अर्धी सुट्टी मागितली तर मालक म्हणाले,
"दस्तगीर, तुला पगार मी देतोय का सरकार?"
मी हसलो. सरकारचा भत्ता गणपतीपासून अडकलाय
आणि आता फेब्रुवारी संपत आला.
खाकीच्या पट्ट्याला जादाचं भोक
मी त्याच लेथच्या बाजूला बसून पाडलंय.

फायनल होती. आमची तालीम आणि खालची पेठ.
याच तालमीकडून सहा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो मी,
गुडघा गेला तेव्हा पोरांनी वर्गणी काढून ऑपरेशन केलं.
हे गुट्टेसाहेबांना सांगितलेलं नाही.
साहेब बीडकडचे, बदलीवर आलेले,
त्यांना दोन्ही झेंडे सारखेच दिसतात.
बरं असेल तसं.
मला अख्खी गॅलरी नावानिशी येते,
कुणाची उधारी कुठं, कुणाची सोयरीक कुठं मोडली
तेसुद्धा.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला हलगी थांबली.
हजार डोळे डावीकडून उजवीकडं सरकले,
एका म्हाताऱ्यानं तोंडातलं पान चावायचं थांबवलं,
सगळ्यांच्या हनुवट्या एकदम वर
(बॉल हवेत असणार)
आणि गॅलरी फुटली.
माझ्या पाठीमागं आमचा गोल झाला होता
आणि मी दातात शिट्टी धरून
पुढच्या ओळीला खाली बसवत होतो.

मग तिकडून पाण्याची पिशवी आली,
इकडून चप्पल गेली,
मग दगड.
काशीद हवालदाराच्या भुवईवर बसला.
फेकणारा हात मी बघितला.
मनगटावर काळा दोरा होता,
मालूताईनं माझ्यासमोर बांधलेला,
दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री.

"तू इथलाच ना?" साहेब म्हणाले. "कोण होता?"
मी गप्प.
"अरे, इथला म्हणूनच उभा केलाय तुला."
खरं होतं ते.
आणि तेच तर अवघड होतं.
"रात्री घेऊन येतो," मी म्हणालो.
साहेबांनी माझ्याकडं बघितलं,
मग काशीदच्या लाल झालेल्या रुमालाकडं.
"दहापर्यंत."

मालूताई भाकरी थापत होती.
"वर्दी काढून तरी यायचं होतंस, दस्तू," एवढंच म्हणाली
आणि भाकरी उलटायची विसरली.
ऋतुराज उठला, दारात चप्पल शोधायला लागला.
एकच होती.
दुसरी मैदानात.
शेवटी आईची घालून निघाला.

माझी एम-एटी. मागं तो, मध्ये माझी काठी आडवी.
बिंदू चौकापर्यंत दोघंही मुके.
"मामा, लई लागलंय का त्यांना?"
"चार टाके."
मग परत मुका. मानेवर त्याचा श्वास तेवढा लागत होता.
मिरजकर तिकटीला म्हणाला,
"गोल बघितलासा?"
"न्हाई."
"आं? तिथंच तर हुतासा!"
"पाठ हुती माझी."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही.
मग हळूच सुरू झाला :
थ्रो कुणी टाकला, बॉल विंगला कसा गेला,
त्यांचा स्टॉपर कसा आडवा आला आणि कसा फसला,
क्रॉस कसा हवेत, पार दिव्याच्या खांबाएवढा,
बोलता बोलता दोन्ही हात सोडून दाखवायला लागला,
गाडी डगमगली,
मी ओरडलो, त्यानं माझा पट्टा धरला
आणि त्या जादाच्या भोकात बोट अडकवून
पुढं सांगतच राहिला.

समोर ठाण्याचा दिवा दिसायला लागला.
पावणेदहा झाले होते.
मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली.
"परत सांग," म्हणालो,
"हेडर कुणी मारला?"