हस्ते

पुतणीच्या दाखल्याला खापरपणज्याचा पुरावा हवा.
(कुंभाराच्या घरात खापरपणजा! हसून घ्या.)
खानापूरच्या पट्टण पंचायतीत मी तिसऱ्यांदा.
रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची जागा,
फिनेलची बाटली, निवडणुकीची एक मोडकी पेटी,
आणि तांबड्या फडक्यात बांधलेली घरपट्टीची बाडं.
शिवलीला हुक्केरी मॅडम म्हणाल्या,
"कन्नड आहे तोवर मी वाचते.
त्याच्या मागचं तुमचं तुम्ही बघा."

सत्तावन्नच्या अलीकडे आम्ही कुंबार.
कन्नडात शिरताना भ चा श्वास दारातच राहिला.
त्याआधी कुंभार, बाळबोधीत, जाड निबाचा.
त्याच्याही आधी मोडी:
आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची,
असं टिळकवाडीत सहा दिवसांच्या वर्गात शिकलो होतो,
म्हणजे निम्मं विसरलो होतो.

घर नंबर ११२. भरमा रवळू कुंभार.
पूर्वेस गल्ली,
पश्चिमेस मलप्रभेकडे उतरती वाट,
उत्तरेस जिन्नाप्पा कासार, दक्षिणेस आवा.
कौलारू, खण दोन. पट्टी बारा आणे.
हस्ते तायव्वा.

वाटलं, कारकुनाची चूक.
पुढचं साल काढलं. हस्ते तायव्वा.
त्याच्या पुढचं. तायव्वा.
एका साली शेरा: असामी परगावी.
एका साली: पावसाने मागील भिंत पडली,
अर्जावरून सूट आणे तीन.
अर्ज कोणी केला ते लिहिलेलं नाही,
पण भिंत पडली त्या रात्री
आत कोण निजलं होतं, ते कळतं.

अकरा सालं.
बाकी एकदाही नाही.

बाराव्या साली: हस्ते खुद्द.
खुद्द म्हणजे भरमा, आमचा मूळपुरुष,
वंशावळीत सगळ्यात वर, चौकटीत,
शेजारी पार्वती, जी त्याने पेडण्याहून आणली.
तायव्वाला त्या कागदावर जागा नाही.
ती बायको होती, बहीण, वहिनी की भाडेकरू,
वहीने विचारलं नाही.
पैसे कुणाच्या मुठीतून आले
एवढ्याशीच तिला मतलब.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"यार्री इवरु?"
"गोत्तिल्ला," मी म्हणालो.
माझ्या कन्नडातलं हे सगळ्यात झिजलेलं नाणं.

दाखल्याला खुद्दचं पान पुरतं.
तायव्वाच्या अकरा पानांचे
झेरॉक्सवाल्याने बावीस रुपये घेतले,
आणि विचारलं, कोर्टात केस आहे का?

रात्री नंदगडच्या काकूला फोन लावला.
ती इतका वेळ गप्प, की वाटलं रेंज गेली.
मग म्हणाली, "म्हाळाला आपण एक पान
जास्तीचं मांडतो बघ, चुलीकडं तोंड करून?
नवी होते तवा सासूबाईस्नी विचारलं, हे कुणाचं?
म्हणाल्या, विचारू नको. वाढ."

म्हणजे आम्हीही भरतच होतो,
दर भाद्रपदात, विनापावती,
वड्यासकट, खिरीसकट,
खातं कुणाचं ते न बघता.

परवा चालू सालची पट्टी भरायला गेलो.
११२ आता १४७/२ आहे,
आवा होता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान.
मशीनमधून पावती आली, कन्नडात, कुंबार, बारकोडसकट.
हस्तेचा रकाना काढून टाकलाय.
मॅडमनी शिक्का मारला,
पावती हातात द्यायच्या आधी उलटी केली
आणि पेन पुढे सरकवलं.
"हवं तर मागं लिहा."

गुळगुळीत कागद.
पहिल्या दोन खेपांना शाई उठलीच नाही.