वस्त्रगाळ

करंट गेला की रेणू उठते.
माग चालू असले, खटाखट खटाखट,
तर निवांत झोपते भिंतीला तळपाय लावून.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प झाले
की दचकते,
आणि माझ्या पोलक्याला ते आधी कळतं,
तिच्या रडण्याच्याही आधी.

सहा महिने असंच चाललं आमचं वडगावात.
कांड्या भरायच्या, उठायचं,
बोटांवरची सुताची खळ धुवायची,
पदराखाली घ्यायचं, परत कांड्या.
पाणीसुद्धा नको म्हणाल्या होत्या नर्सबाई,
चैत्र असला तरी.
तांब्याभर पाणी मीच प्यायची, दोघींच्या वाटणीचं.

मध्ये एकदा ताप आला मला, आठ दिवस.
दूध आटल्यागत झालं.
डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, मेडिकलातून पावडर आणली,
उकळून निवलेल्या पाण्यात मापानं कालवली.
त्याचं वाईट वाटून घेतलं नाही,
असं मी सगळ्यांना सांगते.

सातवा लागला तशी नणंद आली पुण्याहून,
खिरीचा तयार डबा घेऊन.
डब्यावर गुबगुबीत पोर,
कधी न रडलेलं, कधी न हगलेलं.
मागची बारीक अक्षरं वाचत गेले
तर साखरच तीन नावांनी भेटली.
परशराम म्हणाले, महाग आहे, चांगलंच असणार.
गवळी यल्लाप्पा दारातून म्हणाला,
म्हशीचं देऊन बघा की वैनी, साय बघा ही!
नर्सबाई म्हणाल्या, प्यायला वर्षभर तुझंच.
म्हशीला म्हणावं, थांब जरा.

भिंतीपलीकडची नीलव्वा मात्र
डबा उलटापालटा करून हसली.
"अय्य, ह्याच्यात काय असतंय कुणाला गोत्त?
रागी आण गं."

शनिवारच्या बाजारात जांबोटीकडची एक बाई बसते,
तिच्याकडून दोन शेर नाचणी घेतली.
निवडली. खड्यांपेक्षा माती जास्त.
रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून खुंटीला टांगली.
दुसऱ्या दिवशी फडक्यातून
पांढरे बारीक मोड बाहेर डोकावले,
रेणूच्या खालच्या हिरडीतल्यासारखे.
मग सावलीत वाळवली, मंद भाजली,
जात्यावर नीलव्वा एका बाजूला, मी एका बाजूला.
तिची गाणी मला निम्मी कळतात.
चाळणीनं भागेना, तर ती घरात गेली
आणि मागावरचा उरलेला तुकडा घेऊन आली,
साडीचाच, काठ नसलेला.
म्हणाली, ह्यातून गाळ.
तिच्या नवऱ्यानं विणलेल्या धाग्यांमधून
पीठ खाली पडत राहिलं, धुरासारखं.
कोंडा वर राहिला.

पहिला चमचा तिनं जिभेनं बाहेर ढकलला.
दुसरा हनुवटीवर गेला.
तिसऱ्याला विचारात पडली,
भुवया अगदी सासऱ्यांसारख्या, हिशेब चुकल्यावर होतात तशा.
चौथा गिळला.
पाचव्याला तोंड फिरवलं भिंतीकडं.
मी म्हटलं, एकच, चिऊचा घास,
एवढा खपून केलाय.
नीलव्वानं माझा हात धरला.
"साकु, बिडु. तिचं पोट तिला कळतंय."

मला राग आला खरं तर.
उद्या येळ्ळूरच्या जुन्या तांदळाची पेज करून बघू,
मुगाचं पाणी, परवा लाल भोपळा,
असं मनातल्या मनात मांडत बसले.
तेवढ्यात करंट आला.
एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग अख्खी गल्ली,
आणि ती झोपलीसुद्धा,
ओठावर नाचणीची राखाडी मिशी घेऊन.

वाटीतलं उरलेलं मी खाल्लं, उभ्या उभ्याच.
मीठ नाही, गूळ नाही.
चव लागायला
जरा वेळ लागला.