वेढे मोजताना

बेचाळीस वेढे. एका खाचेत बेचाळीस.
सदतिसाव्यावर दारासमोरून पंचफुलाबाईचा बकरा जातो
आणि त्याच्या गळ्यातली घंटा कुठली असेल ह्या विचारात
मी वरुडच्या बाजारापर्यंत जाऊन परत येते.
हातात तांब्याची तार. आकडा गेला.
सोड सगळं. पुन्हा एक.

छत्तीस वर्षं ह्याला धांदरटपणा म्हणत होते.
शाळेत, माहेरी, थोडे दिवस सासरी, मग पुन्हा माहेरी.
भाच्याला तपासायला अमरावतीला नेलं,
तर डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलता बोलता थांबल्या,
"तुमचंही असंच होतं का?"
त्यांच्या पेनाची स्प्रिंग तेव्हा माझ्या हातात होती.

पहिली गोळी पांढरी.
चिठ्ठीच्या दोन प्रती, एक दुकानदार ठेवून घेणार,
अख्ख्या शहरात एकाच दुकानात, आणि तिथेही "सोमवारी या."
आमचा सोमवार म्हणजे एष्टीचे पाच तास
आणि दुकानात वाट बघणाऱ्या दोन जळक्या मोटारी.

घेतली. अकराच्या सुमारास
डोक्यातले सगळे रेडिओ कुणीतरी एकेक करून बंद केले.
बेचाळीस. पुढच्या खाचेत बेचाळीस. त्याच्या पुढच्यातही.
गुणवंता, माझा भाऊ, दारात उभा राहून बघतो,
"काऊन वं, बरं नाही का तुले? गप्प झाली?"
दुपारी आईनं पाटोडी वाढली. ताटात माती दिसली.
चारला औषध उतरलं,
चढल्यावर खालची शिडी काढून घ्यावी तसं.
मी पक्कड भिंतीवर फेकली. भाचा रडला.
ते वहीत लिहिलं नाही.

दुसरी, निळी कॅप्सूल. "सहा आठवडे धीर धरा."
सहा आठवडे! मी, जिला चहाला उकळी येईपर्यंत दम निघत नाही.
मळमळ, तोंडाला कोरड, रात्री दोनला डोळे टक्क.
आमच्याकडे थ्री फेज रात्री बाराला येते.
अंधारात शेताशेतातून माझ्याच हातच्या मोटारी बोलायला लागतात,
मी पडल्या पडल्या ओळखते,
ही भोजराजकाकाची. बेअरिंग गेलंय.

काकू म्हणते, "सोडून दे थ्या गोया. डोक्यात गर्मी हाय तुह्या."
गुणवंता काही म्हणत नाही, फक्त एष्टीचे पैसे मोजून ठेवतो,
त्याचं जास्त लागतं.

वाइंडिंगच्या वहीच्या मागच्या पानांवर आखलं होतं:
तारीख, मिलिग्रॅम, झोप, भूक, किती मोटारी, किती वेळा ओरडले.
मग वहीच हरवली.
नऊ दिवसांनी तुरीच्या पोत्यामागे सापडली.
डॉक्टरीणबाई कोरे रकाने बघून हसल्या,
"हेही लिहिलंच की तुम्ही."

मुनीरचाचांनी शिकवलं तेव्हा एक मोटार आली होती,
नेमप्लेट घासून गेलेली, जुनी तार आधीच कुणी भंगारात घातलेली.
किती वेढे, कोणतं गेज, सांगणारं कोणी नाही.
"अंदाजानं भर," ते म्हणाले, "चालू कर, पाठीवर हात ठेव.
तापली तर उसव."
तीनदा उसवली ती. चाचा एकदाही चिडले नाहीत.
उसवलेली तार निदान किलोवर विकता येते.
माझे हे आठ महिने कोणत्या काट्यावर घालू?

आता पुन्हा पांढरीच, पण कमी, आणि हळू सुटणारी.
आधी भाकर, मग गोळी. संध्याकाळचं अजून जमलेलं नाही.
शुक्रवारी पुन्हा अमरावती.

आज एकोणचाळिसाव्यावर बकरा आला.
पाहिलं त्याच्याकडे.
चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस.
गाठ मारली, तार कापली,
मग उठून बाहेर गेले आणि विचारलं.
"सायकलची हाय," पंचफुलाबाई म्हणाली,
"तुह्याच बापाच्या."