खालचा आवाज

माग भंगारात गेले तेव्हा
शहाबादी फरशीत बोल्टांची आठ भोकं राहिली
आणि भिंतीवर तेलाचा पट्टा, कमरेच्या उंचीला.
तिथं मी स्टिरिओ मांडला.
अॅम्प्लिफायर जुना, पेट्या दोन,
साखर पेठेतल्या एका बसलेल्या बँडवाल्याकडून
बारा चादरींच्या बदल्यात.

गाणं वाजायचं, पण वरवरचं.
सनई यायची, झांज यायची,
ढोल मात्र पलीकडच्या गल्लीतल्या वरातीचा.
राजमणी म्हणाली, आमटी आहे ही,
डाळ तळाला राहिलीय.

विजापूर वेशीच्या मुनाफभाईनं विद्या दिली:
ऐकणारा बसतो तिथं पेटी ठेवायची
आणि ऐकणाऱ्यानं रांगायचं,
कान गुडघ्याच्या उंचीला.
जिथं ढोल छातीत भरेल
तिथं खडूनं फुली मारायची. पेटीचं घर तेच.

मग काय.
नायनांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं,
त्यांच्या जागी पेटी निजवली,
आणि एप्रिलच्या दुपारी, पत्रा टिकटिक तापत असताना,
सेहेचाळीस वर्षांचा मी रांगलो.

दारापाशी काही नाही.
भिंतीच्या मध्यावर काही नाही.
कोपऱ्यात इतकं, की
भाकरी तोंडात कोंबून कुणी बोलतंय.
"काय हुडकुलालास बे?" नायना म्हणाले, "बिडी पडली का?"

चाळीस वर्षं जॉबर होते.
वरचं सगळं मागांनी नेलं:
सायकलची घंटा, चिमण्या, नातीची हाक.
उरलं ते खालचं.
ट्रक. आपटलेलं दार. चक्कीवाल्याचा पट्टा.
स्टिरिओ कशाला, असं मला गल्लीत सगळ्यांनी विचारलं.
मी म्हणायचो, हौस.

कोपऱ्यापासून दीड हात पुढं, चौथ्या भोकाजवळ
फुली पडली.
पेट्यांखाली मागाचेच रबर दिले,
नाहीतर मांडणीवरचे पेले कुरकुरतात.
मागच्या भिंतीला न खपलेल्या दोन चादरी ठोकल्या.
एकीवरचा मोर उलटा लागला. राहू दे.

दोन्ही पेट्या जोडल्या
आणि होता तेवढाही ढोल गेला.

मी पुन्हा रांगलो. खडू संपला.
मुनाफभाईचा फोन लागेना.
तेवढ्यात नायना खुर्चीतून उतरले,
एक हात गुडघ्यावर, एक फरशीवर,
आणि तो फरशीवरचा तळहात
उचलायचं विसरल्यासारखे बसून राहिले.
असाच ठेवायचे चालू मागावर,
आणि सांगायचे कुठला नट ढिला आहे.

"एक ओढतंय, एक ढकलतंय," ते म्हणाले.
"फणी दोन्हीकडनं ठोकली तर
कापड कसं बसंल?"

डाव्या पेटीमागं वाकून बघितलं.
लाल वायर काळ्यात, काळी लालमध्ये.
माझ्याच हातानं.

बदलली.

आवाज आला असं मी म्हणणार नाही.
फरशी आली, टाचांतून वर.
शेंगा चटणी डब्यात एका अंगाला सरकली,
पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं,
शेजारचा अंबाजी भिंतीवर दोनदा ठोकून गप्प झाला.

नायनांनी हात काढला नाही.
"हां," एवढंच.
मग तिथंच कलंडले, खाटेवर नव्हे,
सहाव्या भोकाशी डोकं करून,
दुसऱ्या पाळीत सूत यायची वाट बघत
कलंडायचे तसे.
माग थांबल्यापासून रात्री रात्री जागणारा माणूस
दुपारी तीनला घोरायला लागला.

राजमणी कणकेच्या हातानं आली.
हळूच म्हणाली, कुठलं गाणं हे?

गाणं अजून लावलंच नव्हतं.
मुनाफभाईनं पेट्या तपासायला दिलेली कॅसेट ती,
नुसता एक ढोल,
सेकंदाला दोन ठोके, बाकी काही नाही.
मी तिचं रिकामं कव्हर हातात धरून
अॅम्प्लिफायरशेजारी बसलो.
संपली की बाजू उलटायला
कुणीतरी जागं पाहिजे.