बाहेरून

फॉर्मवर छापलंय : खाजगी परीक्षार्थी.
गावात म्हणतात, कल्लाक्का बाहेरून बसलीय दहावीला.
बाहेरूनच तर आहे मी चौदा वर्षं.
शाळेच्या मागल्या अंगाला, पत्र्याखाली,
एकशे बत्तीस पोरांचा भात उतरवतो
आणि खिडकीतून येणारे पाढे
फोडणीबरोबर परततो.

गणित जमतं.
माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, डाळ वीस,
शनिवारी निम्मी पोरं दांडी मारतात, तो हिशोब वेगळा.
खरं पुस्तकात तांदूळ नसतो, क्ष असतो.
'क्ष म्हणजे काय ओ?'
होसमनी सर म्हणाले, 'जे अजून ठाऊक नाही, ते.'
मग रोज सकाळी मी तेच सोडवतो की, म्हटलं,
आज किती पोरं येणार.
सर हसले नाहीत. फळ्यावर तेच लिहिलं.

मराठी आपली, म्हणून तिची भीती नव्हती.
पहिली लाल रेघ तिथंच.
'मी जातो'मधला काना पवार बाईंनी खोडला,
मात्रा तेवढी राहू दिली.
'कल्लाक्का, तुम्ही बाई आहात ना?'
आमची आई जातो म्हणायची. सासू म्हणायची.
पाण्याला जातो, माहेरला जातो,
पाच बाळंतपणं झाली तरी जातो.
वहीत पन्नास वेळा जाते लिहिलं
आणि उठताना तोंडातून गेलं, 'येतो हां बाई.'

कन्नडचं उलटं.
ते तोंडात आहे, हातात नाही.
रताळ्याचा भाव मी कन्नडातच पाडतो,
घेणारा बैलहोंगलचा असो नाहीतर हुबळीचा.
कागदावर मात्र वेल पसरल्यासारखं,
आणि काही अक्षरांच्या पोटाखाली आणखी एक अक्षर,
माती उकरल्याशिवाय
हाताला न लागणारं.

कशाला हे आता, असं विचारतात.
सातवीनंतरची शाळा उचगावला होती
आणि घरात सायकल एक.
ती भावाला मिळाली. तो नववीत बसला.
सायकल अजून आहे, माहेरच्या परसात,
तिच्यावर दोडका चढवलाय.
याहून मोठं कारण
माझ्याकडं नाही.

मागल्या बुधवारी
हॉल तिकीट घेऊन सीबीटीला आलो.
बस उभी होती. पाटी कन्नडात.
चोवीस वर्षं मी पाटी नाही,
कंडक्टरचं ओरडणं वाचत आलोय.
त्या दिवशी सहज नजर गेली नि थांबली.
बे.
मग की, आणि तिच्या पोटाखाली आणखी एक क.
न. के. रे.
आमचंच गाव ते.

वाचून झालं तरी डोळा निघेना.
बेक्कु म्हणजे मांजर. केरे म्हणजे तळं.
दोन्ही शब्द बाजारात हजारदा बोललेले,
खरं गावाचं नाव
कुणी फोडून बघतं का?
मांजराचं तळं!
लग्न होऊन मी मांजराच्या तळ्याला आलो
आणि एकानंही सांगितलं नाही.
शेजारी पिशवी धरून उभ्या बाईला सांगावंसं वाटलं.
तिला कळलं नसतं, किंवा आधीच माहीत असतं,
दोन्हीचं भ्या वाटलं.

कंडक्टरनं आधार मागितलं.
गडबडीत हॉल तिकीट पुढं केलं मी.
त्यानं फोटो बघितला, मला बघितलं,
फोटो परत बघितला.
'अक्का, परीक्षा तुमची?'
आणि शून्य रुपयांचं तिकीट
जरा जपून फाडलं.

सोमवारी पहिला पेपर.
हरभरा रात्रीच भिजत घालायला पाहिजे.
बदलीला नागव्वा येणार, हात चांगला आहे तिचा,
मीठ तेवढं अंदाजाशिवाय टाकते.
तिला वाटी काढून ठेवलीय,
वाटीवर खडूनं रेघ मारलीय,
आणि रेघेशेजारी, आधी मराठीत, मग कन्नडात,
जमेल तसं लिहिलंय :
इथपर्यंत.