आडवी रेघ

पारास्काच्या घराला पत्ता नाही.
पाकिटावर नुसतं लिहितात: टोल्वर, सस्कॅचवान,
आणि मी टपालाची गाडी वळवते
गंजलेल्या नांगरापाशी डावीकडे,
मग अकरा मैल खडीचा रस्ता,
त्याला वळण म्हणून माहीत नाही.

तिला येतात विजेची बिलं, बियाण्यांची सूचिपत्रं,
आणि वर्षातून एकदा रेजायनाहून एक चपटं खोकं:
तिचीच चित्रं, परत आलेली.

'तिथं काढण्यासारखं आहे तरी काय?'
असं विचारलं होतं तिला एका गुरुजींनी,
एकोणीसशे एकाहत्तरात, उन्हाळी वर्गात.
डोंगर नाही, समुद्र नाही,
झाडं म्हणाल तर वारा अडवायला लावलेली
तेवढी एक रांग.
मग तिने बरीच वर्षं कॅलेंडरवरचे डोंगर काढले.
निळे. टोकाला बर्फ.
त्यातला एक माझ्या स्वयंपाकघरात आहे, लग्नात दिलेला.
खोटं कशाला बोलू, मला आवडतो.

ज्या वर्षी रुळांकडेचं धान्याचं उंच कोठार पाडलं
त्या वर्षी अख्खं गाव खुर्च्या घेऊन बघायला गेलं.
नव्वद वर्षांचं लाकूड एका अंगाला कललं,
क्षणभर विचारात पडलं,
आणि बसलं.
धुरळा खाली आला तेव्हा
कोठाराच्या जागी काहीच नव्हतं,
आणि ते काहीच एवढं मोठं होतं
की अर्नी फ्रीसनने डोक्यावरची टोपी काढली.

पारास्काने ट्रकभर फळ्या घरी नेल्या.
एका अंगाने खरबरीत, दुसऱ्या अंगाने
नव्वद सुगींच्या गव्हाने घसरत घसरत
तळहातासारख्या मऊ केलेल्या.
त्या मऊ बाजूवर ती आता रंगवते.

पांढरा घेते खाऱ्या तळ्याच्या काठावरून,
जुलैत पाणी आटलं की सांडलेल्या पिठासारखा पडून असतो.
तपकिरी ओढ्याच्या कापातला, जवसाच्या तेलात खललेला.
काळा, जाळलेल्या धसकटांचा.
निळा मात्र दुकानातला.
'आभाळ कुणाला खरवडता येतं?' म्हणते.

आधी आडवी रेघ.
ती कुठे ओढायची यातच तिची सकाळ जाते.
खाली ओढली तर मार्च, सगळा वारा वर.
वर ओढली तर ऑगस्ट, पीक छातीला लागतं.
बोटभर चुकली
तर फळी उलटी करून भिंतीला टेकवते
आणि कोंबड्यांकडे जाते.

मी एकदा विचारलं, रोज तेच बघून कंटाळा येत नाही?
'तू रोज तोच रस्ता चालवतेस. तुला?'
येतो, म्हटलं.
'मलाही येतो. पण कंटाळा आला म्हणून उठायचं नाही.
थोडं बसायचं. मग दिसायला लागतं.'

त्या दिवशी परतताना मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.
पहिली दहा मिनिटं गवत.
मग त्या गवतात चार तपकिरी,
एक जवळजवळ जांभळा.
मग एका ढगाची सावली कुंपण ओलांडून
दुसऱ्याच्या शेतात गेली, परवानगी न घेता.
टपाल उशिरा पोचलं. तक्रार आली, एकच.

गेल्या हिवाळ्यात सभागृहात तिच्या फळ्या मांडल्या,
केक आणि लोणच्यांच्या टेबलांमध्ये.
अर्नी केकसाठी आला होता.
एका फळीपुढे उभा राहिला, हलेचना.
खाली पांढरं, वर करडं, मध्ये ती रेघ.
'हा माझा पश्चिमेचा तुकडा,' म्हणाला.
'पण दगडांचा ढीग विसरलीस.'
'तो बर्फाखाली आहे, अर्नी.'

त्याने चष्मा शोधला, खिशात, मग दुसऱ्या खिशात,
आणि वाकून बघितलं
जिथे पांढऱ्यावर पांढरा
केसभर जाड होता.
'हो की,' म्हणाला. 'आहे.'

किंमत चाळीस डॉलर.
त्याने पस्तीस दिले, उरलेल्या पाचाचे बटाटे.
ते पोतं मंगळवारी मीच पोचवलं,
टपालाच्या नियमात बसत नव्हतं तरी.