पाठ

मंचाचं डावीकडचं दार उघडायचं, लावायचं,
लिएपायाच्या संगीतगृहात बावीस वर्षं मी हेच करतो.
त्यामुळे कुठून कुठून येणारे वादक
मला पाठमोरेच जास्त ओळखीचे.

झाइगा मंगळवारी आली, समुद्रावरचा वारा कोटात भरून.
चार नंबरच्या खोलीत
दिवसभर एकच ओळ घोटत बसली,
गोगलगाय भिंत चढते त्या गतीनं.
मला वाटलं, हिचं काही खरं नाही.

संध्याकाळी पाहतो तर जिन्यात धावतेय,
तीन मजले वर, तीन मजले खाली,
आणि धाप लागलेली असतानाच व्हायोलिन हनुवटीखाली.
"कुणी मागे लागलंय का?"
"शुक्रवारी काळीज असंच उडणार आहे, इमांत्स.
हातांची त्याच्याशी आधीच ओळख करून देते."

बुधवारी तिनं अख्खा कॉन्चेर्तो वाजवला
आम्हा दोघांसमोर: मी,
आणि फरशी पुसणारी आउस्मा.
वाद्यवृंदाची जागा आली की गुणगुणायची,
नाहीतर नुसतीच उभी.
तिसऱ्या भागात एका वळणावर अडखळली.
"इथे दरवेळी बर्फ असतो," म्हणाली.
आउस्मा बादलीत फडकं पिळत बोलली,
"मला कुठे कळलं होतं?
तू तोंड वाकडं केलंस, तेव्हा कळलं."

शुक्रवार.
अर्धं केळं. कढत पाण्यात हात.
पुन्हा कढत पाण्यात हात.
मग दाराशी येऊन थांबली, माझ्याकडे पाठ करून,
आणि काळ्या मखमलीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध,
मांजराचा एक पांढरा केस.

माझा हात उचलला गेला.
तिथेच राहिला.
काठोकाठ भरलेल्या भांड्याला
कुणी बोट लावतं का?
दार उघडलं.

सुरुवातीची तीन मिनिटं तिची नसतात.
साठ माणसं वाजवतात, आणि ती उभी,
व्हायोलिन हातात लोंबकळतंय,
दुसऱ्या हाताचं काय करावं हे कुणीच शिकवलेलं नाही.
तिला सगळं पाठ आहे,
मला फक्त तिची पाठ,
तीही दाराच्या फटीतून.
त्यावरचा तो केस
आधी नुसता थरथरत होता,
मग दमानं वर,
दमानं खाली.

गज उचलला.

पुढचं मी काय सांगू, मला संगीतातलं कळत नाही.
एवढं खरं की तिसऱ्या भागात ते वळण आलं
आणि मी दाराची कडी घट्ट धरली.
घसरली. एक सूर. कदाचित अर्धाच.
तोंड वाकडं केलं का, ते इथून दिसत नाही.
पण वरच्या बाल्कनीत, शेवटच्या रांगेत,
टाळ्या वाजवायला
आउस्मा सगळ्यांच्या आधी उठली.

झाइगा आत आली, घामानं निथळत.
"पाणी."
अर्धा पेला प्यायली, उरलेला माझ्या हातात दिला,
आणि बाहेर टाळ्या चालूच, म्हणून वळली.

केस अजून तिथेच.
मी दार उघडलं.